‘सॉरी’ आणि चूकभूल

तंजावूरच्या राजवाड्याचा परिसर पाहावयास येणाऱ्या मराठी माणसाला प्रथम जाणवते ती तेथील भाषांची दाटी. मूळ वास्तू तेलुगुभाषक नायक राजांची. तिच्यात भर घातली ती व्यंकोजीराजांच्या वंशातील भोसल्यांनी. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते एकाच छपराखाली नांदतात. मोडी कागद आहेत, आणि सरफोजीराजांनी हौसेने जमविलेली युरोपीय भाषांतील पुस्तकेही आहेत. बाहेर प्रांगणात शाळांच्या सहली, यात्रेकरूंचे जथे आणि कॅमेरे सरसावलेले प्रवासी यांची वर्दळ असते. एखाद्या अरुंद जिन्यावर पुण्याहून आलेल्या गृहस्थांच्या खांद्याचा धक्का कुंभकोणमहून आलेल्या आजीबाईंना लागतो आणि दोघांच्याही तोंडून एकाच वेळी एकच शब्द बाहेर पडतो. मराठी तोंडून तो ‘सॉरी’ असा येतो, तमिळ तोंडून ‘सारी’ असा. आजीबाई हसतात, गृहस्थ हात जोडतात आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. ज्या वाड्यात सुमारे १८० वर्षे मराठी ही राजदरबाराची भाषा होती, तेथे मराठी आणि तमिळ माणसाला परस्परांशी सौजन्याने वागण्यासाठी इंग्रजी शब्दाचा आधार घ्यावा लागावा, हे पाहून एखादा भाषाभिमानी हळहळेल.

पण हळहळण्याचे खरोखर काही कारण नाही. परका शब्द घरात आला म्हणून मराठीचे काही बिघडत नाही. ‘सॉरी’च्या ऐवजी ‘माफ करा’ म्हणावे असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे, की ‘माफ’ हा शब्द अरबी आहे. आणि कचेरीच्या पत्रात आपण ज्याला अस्सल मराठी समजतो तो ‘दिलगीर’ फारसी आहे. प्रश्न शब्दाच्या कुळाचा नसून त्याने करावयाच्या कामाचा आहे. ‘सॉरी’ हा शब्द उच्चारल्याने नेमके काय घडते? चूक कबूल होते, की चूक मिटते, की केवळ समोरच्याचे बोलणे थांबते? बँकेच्या खिडकीच्या आतील आणि बाहेरील, दोन्ही बाजूंच्या माणसांना हा शब्द दिवसातून कितीदा तरी ऐकावा वा उच्चारावा लागतो. म्हणून त्याचा थोडा झाडा घेणे अप्रस्तुत ठरू नये.

इंग्रजीत ‘सॉरी’ आणि दुःखवाचक ‘सॉरो’ हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे मूळ एक नाही. ‘सॉरो’ निराळ्या धातूपासून आला. ‘सॉरी’चे नाते आहे ते ‘सोअर’ या शब्दाशी, म्हणजे ठणक, दुखरी जखम. जुन्या इंग्रजीत ‘सारिग’ असे त्याचे रूप होते आणि त्याचा अर्थ ‘व्यथित’, ‘दुखावलेला’ असा होता. पुढे उच्चार बदलला आणि ‘सॉरो’च्या सहवासाने अर्थही त्याच्याकडे झुकला. याच कुळातला जर्मन भाषेतील शब्द मात्र वेगळ्याच वाटेने गेला. ‘दुखेपर्यंत’ असा त्याचा अर्थ झिजत झिजत आज तो नुसता ‘फार’, ‘अतिशय’ एवढाच अर्थ सांगतो. शब्दांतील वेदना कालांतराने कशी निघून जाते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

तेव्हा ‘आय अॅम सॉरी’ या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘मला दुखते आहे’ असा आहे. त्यात ‘मी चुकलो’ असे कोठेही म्हटलेले नाही. इंग्रजीतील त्याचे नाना उपयोग पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. एखाद्याच्या घरी मृत्यू घडला तर इंग्रज माणूस ‘सॉरी’ म्हणतो, कारण त्याला दुःख झालेले असते. त्या मृत्यूत त्याचा काही दोष नसतो. परदेशी सहकाऱ्याकडून असे सांत्वन ऐकणारा मराठी माणूस प्रथम थोडा गोंधळतो, कारण इकडे ‘सॉरी’ आला तो केवळ क्षमायाचनेचा शब्द म्हणून. नीट ऐकू न आल्यास तोच शब्द प्रश्नार्थक सुरात उच्चारला की ‘पुन्हा सांगता का?’ असा अर्थ होतो. कोणाची कीव करताना तो वापरतात. मोडकळीस आलेल्या वस्तूलाही तो लागतो, कारण मध्ययुगापासून ‘दयनीय’, ‘टाकाऊ’ असाही त्याचा एक अर्थ आहे. नकार देताना तो पुढे धाडला जातो, जसा घोड्याच्या पुढे भालदार. आणि भांडण सुरू करतानाही तो येतो: ‘सॉरी, पण तुमचे हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही.’ इतकी कामे करणाऱ्या शब्दाकडून प्रत्येक वेळी पश्चात्तापाची अपेक्षा धरणे हा त्या शब्दावरच अन्याय होय.

आता मराठीकडे वळावे. येथे चुकीनंतर बोलण्याचे शब्द अनेक आहेत आणि प्रत्येकाचे वजन निराळे आहे. ‘दिलगीर’ म्हणजे ज्याचे ‘दिल’ दुःखाने ग्रासले, धरले गेले, असा माणूस. जुन्या मराठी लेखनात ‘दिलगीर जाले’ म्हणजे दुःखी झाले, खिन्न झाले, एवढाच त्याचा अर्थ. चुकीचा त्यात संबंध नसे. पुढे ‘दिलगिरी व्यक्त करणे’ असा प्रयोग रूढ झाला आणि तो क्षमायाचनेच्या जवळ जाऊन बसला. म्हणजे फारसीतून आलेला ‘दिलगीर’ आणि इंग्रजीतून आलेला ‘सॉरी’ एकाच वाटेचे प्रवासी आहेत. दोघांनीही स्वतःच्या काळजातील दुखण्यापासून आरंभ केला आणि दोघेही कचेरीच्या टेबलावर येऊन पोहोचले. ‘खेद’ही त्याच पंक्तीतला.

‘क्षमा’ मात्र वेगळी. संस्कृतात ‘क्षम्’ म्हणजे सोसणे, आणि ‘क्षमा’ हे पृथ्वीचेही एक नाव आहे, कारण ती सर्व काही सोसते. क्षमा मागणारा आपल्या मनःस्थितीचे वर्णन करीत नाही. तो समोरच्याला विनंती करतो, की माझ्या चुकीचा भार आपण सोसावा. देणे वा न देणे हे समोरच्याच्या हाती राहते. ‘मी दिलगीर आहे’ या वाक्याला उत्तराची गरज नाही. ‘क्षमा करावी’ या वाक्याला आहे. एवढ्या एका फरकाने दोघांमधील पारडे फिरते.

आणि ‘माफी’? हा तर हिशेबाचा शब्द. अरबीत ‘मुआफ’ म्हणजे सूट मिळालेला, मुक्त केलेला. महसुली कारभारात सारा माफ असलेली जमीन ती माफीची जमीन. आजही ‘शुल्कमाफी’, ‘व्याजमाफी’, ‘कर्जमाफी’ हे शब्द त्याच अर्थाने चालतात. बँकेत काम करणाऱ्या कोणालाही कर्जमाफी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. देणे असते, ते खतावणीत दिसत असते, आणि ज्याचे येणे आहे त्याने ते सोडून द्यावयाचे असते. म्हणून जो माफी मागतो तो नकळत एक गोष्ट मान्य करून बसतो, की तुमचे काही देणे माझ्याकडे निघते. ‘सॉरी’त ही कबुली नाही, ‘माफी’त ती आहे. दोहोंचा अर्थ शब्दकोशात एकच दिला जात असला तरी व्यवहारात ते एक नाहीत.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे समजण्यासाठी तंजावूरच्या वाड्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीत त्यांचे शिक्षण झाले होते आणि इंग्रजीवर त्यांनी चांगले प्रभुत्व मिळविले होते. श्वार्ट्झ त्याच वर्षी निवर्तले, तेव्हा राजांनी जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. ते शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये आजही आहे. मरणशय्येवरील गुरूजवळ स्वतः राजे उभे आहेत, असे दृश्य त्यात कोरले आहे. परक्या भाषेतील दुःखाच्या शब्दांचा इतका उत्कट परिचय त्या काळी फारच थोड्या हिंदी राजांना असेल. पण त्याच राजांच्या कारकिर्दीत, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि भोसल्यांकडे उरला तो किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा मुलूख आणि महसुलातील वाटा.

सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये निधन पावले. मागे राण्या होत्या, कन्या होती, पुत्र नव्हता. कन्येचा हक्क मान्य करावा, अशी शिफारस तेथील रेसिडेंट फोर्ब्स यांनी केली होती, हे नमूद करावयास हवे. वरिष्ठांनी ती नाकारली. आणि ऑक्टोबर १८५६ मध्ये त्याच फोर्ब्स यांना कमिशनर म्हणून शिपाई घेऊन वाड्यात जावे लागले. राज्य तर खालसा झालेच, पण त्याबरोबर वाड्यातील खासगी मालमत्तेवरही सरकारी मोहोर उमटली. ज्याच्या मनाला एखादी गोष्ट पटलेली नाही त्याच्याच हातून ती करवून घेतली जाणे, हा अनुभव कोणत्याही मोठ्या संस्थेतील कर्मचाऱ्याला अगदीच अपरिचित नसावा.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन या इंग्रज वकिलांनी त्यांची बाजू मांडली आणि कोर्टाने राणीसाहेबांच्या बाजूने निकाल दिला. सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. मधल्या काळात सत्तावनचा उठाव होऊन गेला, १८५८ मध्ये कंपनीचा अंमलच संपला, आणि अपिलात कंपनीच्या जागी भारतमंत्र्यांचे नाव लागले. ज्याने मोहोर लावली तो खातेदार बंद, खाते मात्र चालूच, असा हा प्रकार.

१८५९ साली निकाल लागला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही ‘राज्यकृती’च्या तत्त्वासाठी अभ्यासावा लागतो. न्यायमूर्तींनी मोकळेपणाने म्हटले, की राजांच्या मृत्यूनंतर राज्यावर वा मालमत्तेवर कंपनीचा कोणता कायदेशीर हक्क पोहोचत होता, हे समोरच्या कागदपत्रांतून शोधून काढणे अत्यंत अवघड आहे. वाचणाऱ्याला वाटावे, की निकाल आता राणीसाहेबांच्या बाजूनेच जाणार. पण पुढे ते म्हणतात, की ही कृती सरकारने सार्वभौम सत्ता म्हणून केली आहे. ती न्याय्य होती की अन्याय्य, याची चर्चा न्यायालयाला करता येत नाही. आणि अन्याय झाला असलाच तरी त्यावर देशातील कोणत्याही न्यायालयापाशी उपाय नाही. मद्रासचा निकाल फिरला. कायद्याच्या भारदस्त भाषेत सांगितलेला हा ‘सॉरी’च होता. दुःख असेल, हक्क दिसत नाही, पण करण्यासारखे काही नाही.

या कथेला पुढचाही एक भाग आहे आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. १८६२ साली सरकारने मालमत्तेवरील ताबा सोडला आणि ती राण्यांच्या स्वाधीन केली. व्यवस्था ज्येष्ठ राणी म्हणून कामाक्षीबाईसाहेबांकडे आली. परत मिळाली, पण हक्क म्हणून नव्हे. सरकारची कृपा म्हणून. म्हणजे जे न्यायालयाने नाकारले ते प्रशासनाने दिले, आणि चूक मात्र कोणीच केलेली नव्हती. तेव्हाच्या तंजावुरात या दोहोंपैकी कशाचे महत्त्व अधिक मानले गेले असेल? वस्तू हाती आल्याचे, की शब्द न मिळाल्याचे? राणीसाहेबांच्या मनात काय होते ते कोणी जाणू शकत नाही. पण दावा लावणारी व्यक्ती केवळ दागिन्यांसाठी लंडनपर्यंत झुंजते, असे मानणे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. आपले आहे, ते आपलेच होते, असे समोरच्याने म्हणावे, हीही तिची मागणी असते.

येथे कोणी म्हणेल, की निदान वस्तू तरी मिळाली. नुसत्या शब्दांनी काय होते? शब्दांनीही होते, याचा दाखला ऑस्ट्रेलियात सापडतो. तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांना सरकारी धोरणाने अनेक दशके आईबापांपासून तोडून नेले जात होते. १९९९ मध्ये तेथील संसदेने ठराव करून याबद्दल मनःपूर्वक खेद व्यक्त केला, परंतु ‘सॉरी’ हा शब्द त्यात येऊ दिला नाही, कारण त्या शब्दाबरोबर जबाबदारीही येईल, अशी धास्ती होती. लोक तो शब्द मागत राहिले. मे २००० मध्ये सिडनीच्या पुलावरून लाखो माणसे चालत गेली, तेव्हा एका विमानाने वर आकाशात धुराने तो एकच शब्द लिहिला. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो उच्चारला आणि प्रेक्षकसज्जात बसलेली वृद्ध माणसे रडली. केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेशांपुरती भरपाईची योजना मात्र २०२१ साली जाहीर झाली. आधी शब्द आणि तेरा वर्षांनी पैसा. तंजावुरात पैसा आला आणि शब्द राहिला. तेथे शब्द आला आणि पैसा रेंगाळला. जालियनवाला बागेच्या शताब्दीच्या वेळी, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी तीव्र खेद व्यक्त केला, क्षमा मागितली नाही. शब्दांची निवड किती तोलूनमापून होते, हे अशा वेळी दिसते. ज्यांना वाटते की ‘सॉरी’ हा हलका शब्द आहे, त्यांनी सरकारे तो उच्चारावयाला किती कचरतात ते पाहावे.

आता बँकेच्या खिडकीशी यावे. ‘सॉरी, सिस्टिम बंद आहे.’ ‘सॉरी, साहेब जेवायला गेले आहेत.’ ‘सॉरी, हे आमच्याकडे नाही, हेड ऑफिसला लिहा.’ या तिन्ही वाक्यांतील ‘सॉरी’ काढून टाकला तरी माहितीत काही उणे होत नाही. आणि ठेवला तरी ग्राहकाच्या पदरात काही अधिक पडत नाही. तो येथे मिठासारखाही नाही. तो पडद्यासारखा आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर खिडकीतील कर्मचाऱ्याचीही अडचण समजून घ्यावयास हवी. सिस्टिम त्याने बंद पाडलेली नसते, नियम त्याने केलेला नसतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांबद्दल स्वतःच्या तोंडाने ‘सॉरी’ म्हणणे हे थकविणारे काम आहे. अशा माणसाच्या शब्दातील वेदना झिजली, तर तो दोष त्याचा एकट्याचा नव्हे. रांगेत उभे राहून त्याच्यावर आवाज चढविणाऱ्या ग्राहकानेही कधीतरी एक ‘सॉरी’ खर्चावा, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही. आणि जेथे खरोखर त्याच्या हाती काही नाही, तेथे ‘सॉरी’च्या जोडीला ‘अकरा वाजता पुन्हा विचारा, मी स्वतः पाहून ठेवतो’ एवढे एक वाक्य आले, तरी पडदा बाजूला होतो.

गंमत अशी, की या पेशाने फार पूर्वी आपला स्वतःचा एक शब्दप्रयोग घडविला होता आणि तो इतका नेमका आहे की त्याला तोड नाही. जुन्या दुकानदारांच्या बिलांच्या आणि हिशेबाच्या कागदांच्या तळाशी चार अक्षरे असत: ‘चु. भू. दे. घे.’ म्हणजे ‘चूकभूल देणे घेणे’; बोलताना कोणी ‘द्यावी घ्यावी’ असेही म्हणे. इंग्रजी बिलावरही चुका आणि वगळलेल्या गोष्टी गृहीत धरून तशीच अक्षरे छापतात. पण तेथील अर्थ एवढाच, की चूक असली तर या कागदाने आम्ही बांधलेलो नाही. मराठी व्यापाऱ्याचा अर्थ त्याहून मोठा. चूक होऊ शकते, हे तो आधीच कबूल करतो. आणि तेवढ्यावर न थांबता ती निघाल्यास काय करावयाचे तेही सांगून ठेवतो. आमच्याकडून कमी गेले असेल तर आम्ही देऊ, तुमच्याकडे जास्त आले असेल तर तुमच्याकडून घेऊ. यात दिलगिरी नाही, विनवणी नाही, कोणी लहान होत नाही, कोणी मोठा होत नाही. चुकीला नाव आहे आणि तिच्या दुरुस्तीला वाट आहे. हा प्रयोग आता बिलांवर क्वचित दिसतो. संगणकाने छापलेल्या पासबुकात त्याला जागा राहिलेली नाही, जणू यंत्राची चूकभूल होतच नाही.

होते, हे रिझर्व्ह बँकेलाही ठाऊक आहे. एटीएममधून पैसे बाहेर आले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा झाले, हा प्रसंग अनेकांनी अनुभवला असेल. पूर्वी अशा वेळी ग्राहकाने अर्ज लिहावा, पावती जोडावी, शाखेत खेटे घालावेत आणि प्रत्येक खेपेस एक ‘सॉरी’ घेऊन परतावे, असा शिरस्ता होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना असे ठरवून दिले, की व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम बँकेने आपणहून खात्यात परत जमा करावी. त्याहून उशीर झाल्यास प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई द्यावी. आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता द्यावी. या नियमात ‘सॉरी’ कोठेही नाही. पण जुन्या ‘चु. भू. दे. घे.’चा आत्मा त्यात आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. हा नियम ठाऊक नसलेले ग्राहक अजूनही पुष्कळ आहेत. तो सांगणे हे खिडकीतील माणसाला सहज जमण्यासारखे आहे, आणि त्याला एका वाक्याहून अधिक वेळ लागत नाही.

मात्र नियमाने रक्कम येते, म्हणून शब्द अनावश्यक ठरतो असे नाही. पेन्शन चुकीच्या खात्यात गेलेल्या वृद्ध खातेदाराची कल्पना करावी. रक्कम आठवड्याने परत येते, व्याजही लागते. हिशेब पूर्ण झाला. पण त्या आठवड्यात औषधांच्या दुकानात उधारी करावी लागली, मुलाला फोन करावा लागला, आपल्याच सहीत काही चुकले की काय या शंकेने झोप लागली नाही. हे कोणत्याही खतावणीत उतरत नाही. अशा वेळी शाखाधिकाऱ्याने उठून ‘काका, चूक आमच्याकडून झाली; तुमचे काही चुकले नव्हते’ एवढे म्हटले, तर जे व्याजाने भरून आले नाही ते भरून येते. या वाक्यात एकही परका शब्द नाही, पण तेवढ्याने त्याची किंमत ठरत नाही. किंमत ठरते ती त्यातील ‘आमच्याकडून’ या शब्दाने. तेथे ‘सॉरी, आमची चूक’ म्हटले असते तरी चालले असते.

इंग्रजीतही या शब्दाला मोल येते ते त्याच्यापुढे काय जोडले जाते यावर. ‘तुम्हाला वाईट वाटले असल्यास सॉरी’ हे वाक्य ऐकणाऱ्याला चीड आणते, कारण त्यात चुकीचे खापर ऐकणाऱ्याच्या हळवेपणावर फोडलेले असते. मराठीतील त्याचा सख्खा भाऊ म्हणजे ‘ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत’ हा फलक. ‘असल्यास’! रांग रस्त्यापर्यंत गेलेली आहे, पंखे बंद आहेत, आणि गैरसोय झाली की नाही याबद्दल फलक मात्र साशंक आहे. तो एक ‘असल्यास’ खोडून ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ असे लिहिण्यास कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये. खाली ‘काम साडेबारापर्यंत सुरू होईल’ असेही लिहिता आले, तर उत्तमच.

तंजावूरच्या वाड्यातील मालमत्ता १८६२ मध्ये परत आली नसती, तर तिच्यासोबतचा ग्रंथसंग्रह कोठे गेला असता, याचा तर्क न केलेलाच बरा. तो राहिला. १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला, आणि तंजावूर महाराजा सरफोजी यांचे नाव तो आजही मिरवितो. तेथे येणाऱ्या मराठी अभ्यासकाला जुन्या कागदांच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा’ या थाटाचा मजकूर ओळखीचा वाटतो आणि क्षणभर आपण घरी असल्याचा भास होतो. मग मागून कोणी वाचक खुर्ची सरकवतो, टेबलाला धक्का लागतो, कागद हलतो. ‘सारी,’ तो कुजबुजतो, आणि कागद दोन्ही हातांनी उचलून पुन्हा होता तसा नीट ठेवतो.